के-पॉप ट्रेनी व्हायला निघालेल्या मुलीच्या मनाचं काय होतं?

प्रश्न नाशिकच्या एका आईचा आहे. मुलगी पंधरा वर्षांची, यंदा दहावीला. लहानपणापासून नाचते, कोरियन स्वतःची स्वतः शिकली. सोलमधल्या एका छोट्या के-पॉप, म्हणजे कोरियन पॉप संगीताच्या, कंपनीच्या ऑनलाइन ऑडिशनची पहिली फेरी ती पार झाली आणि आता कंपनी म्हणतेय, तीन महिन्यांसाठी इकडे पाठवा, पुढचं मग ठरवू. वडिलांनी साफ नाही म्हटलंय आणि मुलीनं जेवण जवळजवळ सोडलंय. आई विचारते, 'तिथे मुलांच्या मनावर नेमकं काय होतं ते सांगा. यूट्यूबवर एक तर परीकथा दिसते, नाहीतर आत्महत्येच्या बातम्या. खरं काय?'

ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं सोलला होते आणि तिथे परदेशी मुलांना इंग्रजीतून समुपदेशन देणाऱ्या एका केंद्रात काम केलं. आमच्याकडे ट्रेनी, म्हणजे ग्रुपमध्ये निवड होईल या आशेनं कंपनीत राहून शिकणारी मुलंमुली यायची. कुणी थायलंडची, कुणी ऑस्ट्रेलियाची, कुणी अमेरिकेत वाढलेली कोरियन. बरीच जण कंपनीला न सांगता यायची. आता पुण्यात किशोरवयीन मुलांबरोबरच काम करते. खाली ज्या मुलींबद्दल लिहिलंय त्यांची ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

तिथे कष्ट फार, हे सगळ्यांना माहीत असतं. सकाळी शाळा, दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत नाच, गाणं, भाषा, पुन्हा नाच. पण माझ्यासमोर बसलेली मुलं कष्टांबद्दल फारसं बोलायचीच नाहीत. पायाला फोड आले, घोटा मुरगळला, हे जरा अभिमानानंच सांगायची. आवडीच्या कामात शरीर शिणलं म्हणून पंधरा-सोळा वर्षांचं पोर मोडत नाही. ते मोडतं तारीख नसलेल्या वाट पाहण्यानं, आणि त्या वाट पाहण्यात दर महिन्याला होणाऱ्या मोजमापानं.

आपल्याकडे लातूरला नीटच्या तयारीसाठी गेलेली मुलं आठवा. तीही घर सोडून राहतात, तीही दर आठवड्याला टेस्ट देतात, रँकवरून रडतात. पण त्या मुलांना एक तारीख माहीत असते. त्या दिवशी पेपर होणार, नंतर निकाल लागणार. पास, नापास, पुन्हा एकदा प्रयत्न, जे काय असेल ते. ट्रेनीला ती तारीख कधीच मिळत नाही. ट्वाइस या ग्रुपची जिह्यो आठ वर्षांची असताना 2005 मध्ये जेवायपी कंपनीत आली आणि तिचं पदार्पण झालं 2015 मध्ये. मधल्या काळात बरोबरीच्या मुली पुढे निघून गेल्या, ग्रुप जुळले, फिसकटले. ब्लॅकपिंकची लिसा थायलंडहून 2011 मध्ये चौदाव्या वर्षी सोलला आली, ग्रुप बाहेर आला 2016 च्या ऑगस्टमध्ये. या गोष्टी चिकाटीचं उदाहरण म्हणून सांगितल्या जातात आणि त्या दोघींपुरतं ते खरंही आहे. पण ज्या मुलीनं सात-आठ वर्षं घातली आणि जिचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही, तिची मुलाखत घ्यायला कुणी जात नाही. तुमच्या लेकीनं पाहिलेले सगळे व्हिडिओ पोहोचलेल्यांचे आहेत.

ही पद्धत जुनी आहे. एसएम कंपनीच्या ली सू-मान यांनी नव्वदच्या दशकात ती बसवली. 1996 मध्ये एचओटी हा ग्रुप आला, धो धो चालला आणि बाकीच्यांनी तोच रस्ता धरला. लहान वयात मुलं निवडायची, वसतिगृहात एकत्र ठेवायची, वर्षानुवर्षं शिकवायचं, त्यातून चार-पाच जणांचा ग्रुप काढायचा. धंदा म्हणून हे समजण्यासारखं आहे. दहा-वीस मुलांवर खर्च करायचा आणि त्यातली चार निघाली की वसूल. उरलेल्या मुलांचं काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसतच नाही.

महिनाअखेरीची परीक्षा कशी असते, हे मला एका मुलीनं उठून दाखवलं होतं. माझ्या केबिनमध्ये जागा जेमतेम, तरी तिनं खुर्ची सरकवली आणि उभी राहिली. एका भिंतीला पूर्ण आरसा, समोर लांब टेबल, टेबलामागे शिक्षक आणि कंपनीची माणसं, बाजूला कॅमेरा. छातीवर नाव आणि नंबर. एक गाणं, एक नाच, मग तिथेच सगळ्यांदेखत शेरे. 'आवाज मागच्या महिन्यापेक्षा बसलाय.' 'चेहरा सुजल्यासारखा का दिसतोय?' 'तुझ्याकडे बघावंसं वाटत नाही, का वाटत नाही सांग.' शेवटचं वाक्य सांगताना ती हसत होती. मी विचारलं, तुला आत्ता हसू येतंय का? ती गोंधळली. आपण हसतोय हे तिला कळलंच नव्हतं. शेरा ऐकताना चेहरा पडू द्यायचा नाही, मान हलवून धन्यवाद म्हणायचं, हेही तिथे शिकवलेलंच असतं. दोन वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की दुःखाची गोष्ट सांगतानाही तोंड आपोआप हसत होतं.

ही मला सगळ्यात काळजीची वाटणारी गोष्ट आहे. पंधरा ते अठरा या वयात मूल स्वतःला ओळखायला शिकत असतं. मला राग आला, भूक लागली, ही मैत्रीण मला आवडत नाही, हे काम मला जमणार नाही, असं सगळं. ट्रेनीच्या आयुष्यात या प्रत्येक आतल्या सूचनेवर बाहेरचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. दमलीस? आणखी एकदा. भूक? नाही. घरची आठवण? फोन मॅनेजरकडे जमा आहे, रविवारी मिळेल. काही महिन्यांनी सूचना येतच राहतात, पण मूल त्या ऐकायचं बंद करतं. मग अशी मुलगी मला सांगते, 'मला भूक लागलीय की भीती वाटतेय, ते मला सांगता येत नाही.' बीटीएस या ग्रुपच्या आरएमनं 2022 च्या जूनमध्ये ग्रुपच्या जेवणाच्या कार्यक्रमात बोलताना हेच वेगळ्या शब्दांत मांडलं होतं, की ही आयडॉल (के-पॉप स्टार) घडवण्याची पद्धत माणसाला मोठं व्हायला, पिकायला वेळच देत नाही. आणि तो यशाच्या शिखरावर बसून बोलत होता.

मैत्रीचं तर विचारूच नका. वसतिगृहात एका खोलीत चार-सहा मुली. एकमेकींची वेणी घालणार, एकमेकींच्या आईशी फोनवर बोलणार, आणि महिनाअखेरीला एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहणार. एक मुलगी सांगत होती, रात्री उशिरा सरावावरून परत आलो तर समोरचा पलंग रिकामा. चादर काढलेली, कपाट उघडं. कुणी काही बोललं नाही. मॅनेजर म्हणाला, ती गेली. बाथरूममध्ये तिची शाम्पूची बाटली राहिली होती, ती यांनी संपेपर्यंत वापरली. मी विचारलं, तिला नंतर फोन केलास? नाही. का? 'नशीब मी नाही, असं आधी वाटलं, आणि मग तिच्याशी काय बोलायचं तेच कळेना.' सोळाव्या वर्षी या ओझ्याला काय म्हणायचं हे त्या पोरीला माहीत नव्हतं. तिनं ते 'मी वाईट आहे' एवढ्यावर मिटवून टाकलं होतं.

वजनाबद्दल लिहिताना मी मुद्दाम आकडे देत नाहीये, आणि तुम्हीही घरात कुठले आकडे बोलू नका. कोण किती किलोवर आहे, कुणी आठवडाभर काय खाऊन किती उतरवलं, हे या वयाच्या मुलींना धोक्याची सूचना म्हणून ऐकू येत नाही, रेसिपी म्हणून ऐकू येतं. एवढंच सांगते की अनेक कंपन्यांत वजनकाटा हा रोजच्या शिस्तीचा भाग असतो, आणि त्याचा शेवट कुठे होऊ शकतो याची उदाहरणं उघड आहेत. ओह माय गर्ल ग्रुपची जिनी 2016 मध्ये ॲनोरेक्सियामुळे, म्हणजे खाणं टाळण्याच्या आजारामुळे, थांबली आणि 2017 मध्ये तिनं ग्रुप सोडला. ट्रेनींच्या बाबतीत अशी घोषणा कधी होत नाही, कारण त्यांचं नाव अजून कुणाला माहीत नसतं. माझ्याकडे आलेल्या मुलींना मी पहिल्याच भेटीत पाळीबद्दल विचारायचे. महिनोन्‌महिने पाळी नसणं ही तिथे तक्रारच मानली जात नव्हती. काहींना तर ती सोय वाटायची. हाडं, हृदय, झोप, मूड, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो. उपाशी मेंदू उदास होतो, हट्टी होतो, एकाच गोष्टीभोवती फिरत राहतो. मग त्या मुलीला 'मानसिक प्रॉब्लेम आहे' म्हणून माझ्याकडे पाठवतात. तिला आधी पोटभर वरणभात हवा असतो.

वर टीव्हीचा थर आहे. निवड हाच कार्यक्रम. 2016 पासून गाजलेल्या 'प्रोड्यूस' मालिकेत प्रेक्षकांच्या मतांवर ग्रुप ठरायचा. 2019 मध्ये मतांच्या आकड्यांत फेरफार झाल्याचं बाहेर आलं, निर्माता आन जून-यंग याला अटक झाली आणि 2020 मध्ये दोन वर्षांची शिक्षा. त्याच वर्षी अपिलाच्या निकालात न्यायालयानं फेरफारामुळे अन्याय झालेल्या 12 ट्रेनींची नावं जाहीर केली. विचार करा. देशानं मला नाकारलं, मी कमी पडले, असं समजून एखादी मुलगी वर्षं काढते आणि मग न्यायालय सांगतं की तू कमी पडलीच नव्हतीस. अमेरिकेत हाइब ही कोरियन आणि गेफन ही अमेरिकन संगीत कंपनी यांनी मिळून 2023 मध्ये कॅट्सआय हा ग्रुप केला, त्यात भारतीय वंशाची लारा राज आहे, तेव्हा तुमच्या लेकीला तो नक्की माहीत असणार. त्याच्या नेटफ्लिक्सवरच्या माहितीपटात ट्रेनी मुलींना आपली निवड स्पर्धेच्या कार्यक्रमातून, लोकांसमोर होणार आहे हे किती उशिरा कळलं ते दिसतं. तो माहितीपट लेकीबरोबर बसून बघा. उपदेश करू नका, फक्त बघा. त्या खोलीतले चेहरे बोलतात.

आता कायदा. काहीजण म्हणतात, तिथे कायदेच नाहीत. तसं नाही. 2009 मध्ये टीव्हीएक्सक्यू ग्रुपच्या तिघांनी तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात धाव घेतली, त्यानंतर तिथल्या फेअर ट्रेड कमिशननं, म्हणजे व्यापारातल्या गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, नमुना करार आणला आणि कलाकारांच्या कराराची मुदत सात वर्षांवर आली. 2017 मध्ये याच कमिशननं एसएम, जेवायपी, वायजी यांच्यासह आठ कंपन्यांना ट्रेनींच्या करारातली अन्यायाची कलमं बदलायला लावली. मधेच सोडून गेलं तर प्रशिक्षणावर झालेल्या खर्चाच्या दुप्पट-तिप्पट दंड, अशी कलमं तोपर्यंत होती. ट्रेनीसाठीही सरकारी नमुना करार आहे आणि त्यात मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. 2014 च्या कायद्यानं पंधराच्या आतल्या कलाकाराला आठवड्याला 35 तास आणि त्यावरच्या अल्पवयीनाला 40 तास अशी मर्यादा घातली, रात्री दहा ते सकाळी सहा काम नाही.

पण हे तास मोजले जातात ते कार्यक्रमाचे, चित्रीकरणाचे. तळघरातल्या तालमीच्या खोलीत पहाटेचे दोन वाजले तर तिथे घड्याळ घेऊन कुणी उभं नसतं. शिवाय मुलं ते 'स्वतःहून' करतात. कुणी थांबवलेलं नसतं, पण आधी निघणाऱ्याचं नाव लक्षात ठेवलं जातं. आणि आणखी एक गाठ आहे. न्यूजीन्स ग्रुपची हॅनी 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कोरियाच्या संसदेत कामाच्या ठिकाणच्या त्रासाबद्दल बोलायला उभी राहिली. पुढच्या महिन्यात कामगार खात्यानं सांगितलं की कामगार कायद्याच्या व्याख्येत ती 'कामगार' बसत नाही. ती तर जगभर गाजलेल्या ग्रुपमधली. पंधरा वर्षांच्या परदेशी ट्रेनीनं तक्रार घेऊन जायचं कुठे? 2018 मध्ये 'द ईस्ट लाइट' या किशोरवयीन बँडमधल्या दोन भावांनी निर्मात्याकडून मारहाण झाल्याचं उघड केलं, निर्माता तुरुंगात गेला, पण त्याआधी ती मुलं वर्षानुवर्षं गप्प होती. ती तर आपल्याच देशात, आपल्याच भाषेत होती.

यश मिळाल्यावर हे संपतं का, असंही तुमच्या मनात येईल. संपत नाही, त्याचं रूप बदलतं. ट्वाइसची मीना 2019 मध्ये चिंताविकारामुळे दौऱ्यातून बाहेर राहिली, त्याच वर्षी सेवन्टीन ग्रुपच्या एस. कूप्सनं चिंतेमुळे विश्रांती घेतली. दोघंही परत आले, ही चांगली बातमी आहे आणि अशा विश्रांतीची घोषणा उघडपणे व्हायला लागली हीसुद्धा. 2024 मध्ये एस्पा ग्रुपच्या करीनाचं एका अभिनेत्यावर प्रेम आहे एवढं कळल्यावर चाहत्यांची माफी मागणारं पत्र तिला हातानं लिहावं लागलं. आणि तुम्ही ज्या बातम्यांचा उल्लेख केलात त्या खऱ्या आहेत. शायनी ग्रुपचा जोंगह्यून 2017 मध्ये गेला, गायिका सुल्ली आणि गू हारा 2019 मध्ये साधारण सहा आठवड्यांच्या अंतरानं. सुल्ली गेल्यानंतर डाउम आणि नेव्हर या तिथल्या मोठ्या संकेतस्थळांनी मनोरंजनाच्या बातम्यांखालच्या प्रतिक्रिया बंद केल्या. मात्र या मृत्यूंवरून 'के-पॉप म्हणजे आत्महत्या' असं समीकरण कुणी तुमच्यासमोर मांडलं तर ते मानू नका. कुठलाही असा मृत्यू एका कारणानं होत नाही. आणि मुलीला घाबरवण्यासाठी तर ही नावं मुळीच वापरू नका, ती त्या माणसांवर प्रेम करत असते. तुमच्यावर विश्वास ठेवायचं ती त्याच क्षणी बंद करेल.

माझा निम्मा वेळ मात्र यांपैकी कशावरच जात नव्हता. तो जायचा परत निघालेल्या किंवा परत पाठवलेल्या मुलांवर. वय सतरा-अठरा, शाळा मागे पडलेली, मित्र नाहीत, मोबाइलमध्ये फक्त ट्रेनींचे नंबर, आणि जे गेलं त्याला कुणी नुकसान मानायलाच तयार नाही. घरचे म्हणतात, 'बरं झालं, सुटलीस.' मुलीला त्याच वेळी सुतक आल्यासारखं वाटत असतं. दोन-तीन वर्षं ती ज्या नावानं ओळखली जात होती ती ओळख एका दुपारच्या मीटिंगमध्ये संपली. अनेकदा कारणही दिलेलं नसतं. 'दिशा जुळत नाही,' एवढंच. मग ती कारण स्वतः शोधते, आणि ते नेहमी स्वतःच्या शरीरात सापडतं. नाक, मांड्या, आवाज. एका मुलीला तिच्या दोन वर्षांच्या महिनाअखेरीच्या सगळ्या श्रेणी ओळीनं पाठ होत्या. त्या काळात तिला हसवणारी एखादी गोष्ट सांग म्हटलं तर तिला बराच वेळ काहीच आठवेना. शेवटी आठवली ती जिन्यात लपून खाल्लेली त्तोकबोक्की, तांदळाच्या वड्यांचा तिथला तिखट पदार्थ.

हे सगळं वाचून तुम्ही 'नाहीच पाठवायचं' असं म्हणाल, तर थांबा. मी तिथे आनंदी ट्रेनीही पाहिले. भाषा आली, शिस्त आली, रंगमंचाची भीती गेली, आणि वर्ष-दोन वर्षांनी 'हे माझं नाही' म्हणून स्वतःच्या पायांनी घरी गेलेल्या दोघी-तिघी आज फार छान आहेत. त्यांच्यात मला काही गोष्टी सारख्या दिसल्या. वय थोडं जास्त होतं. शाळा झालेली होती. आणि घरी आठवड्यातून एकदा असं कुणी तरी होतं, ज्याच्याशी नाचाबद्दल सोडून बाकी सगळं बोलता यायचं. ज्यांच्या आईवडिलांनी कर्ज काढलं होतं त्या मुली फोनवर कायम 'छान चाललंय' म्हणायच्या. आईवडिलांना सांभाळायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं होतं.

आता तुमच्या घरापुरतं बोलू. पहिलं काम सोलचं नाहीच. ती जेवत नाहीये. हा रुसवा आहे, वडिलांवर दबाव आहे की 'जायचंय तर बारीक व्हायला हवं' हे आधीच सुरू झालंय, हे बाहेरून मला कळणार नाही आणि घरात भांडताना तुम्हालाही कळणार नाही. याच आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पाळी नियमित आहे का, एवढं बघू द्या. वजन तिला न सांगता नोंदवायला सांगा, डॉक्टर करतात तसं. जेवणाच्या ताटावर करिअरची चर्चा बंद, वडिलांनाही हे सांगा. ऑडिशनच्या तयारीसाठी म्हणून सुरू झालेलं खाणं कमी करणं ऑडिशन संपली तरी थांबत नाही, हे मी इतक्यांदा पाहिलंय की यात वाट बघा असं मी म्हणणार नाही. कधी तिच्या तोंडून जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही आलं तर तिला एकटं ठेवू नका, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फिरवा. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

दुसरं, 'आत्ता नाही गेले तर वय निघून जाईल' हे तिचं वाक्य. ते सगळ्याच मुली म्हणतात, कंपन्याही म्हणतात. पण ब्लॅकस्वॉन ग्रुपमध्ये गेलेली राउरकेलाची श्रेया लेंका ओडिसी शिकलेली होती आणि 2022 मध्ये निवड झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. हाइबनं 2025 मध्ये मुंबईतच कार्यालय उघडलं. दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र दरवर्षी देशभरची के-पॉप स्पर्धा घेतं. दरवाजा एकच आहे आणि तो मार्चच्या आत बंद होणार आहे, असं चित्र नाही. माझं स्पष्ट मत, पंधराव्या वर्षी, दहावीच्या तोंडावर, अनोळखी छोट्या कंपनीत, एकटीला पाठवू नये. अठरा झाल्यावर, बारावी हातात असताना, तिला तरीही जायचं असेल तर वडिलांनी तेव्हा विमानतळावर सोडायला यावं, असं आत्ताच तिच्यासमोर कबूल करा. नुसता नकार आणि तारखेसकट दिलेला शब्द यांत तिच्या दृष्टीनं फार फरक आहे. तोपर्यंत नाच बंद करू नका. ती शिक्षा ठरेल आणि तिला ती शिक्षाच वाटेल.

वडिलांशी बोलताना माझं एक ऐका. ते कदाचित 'आपल्या घरात असलं काही चालत नाही' म्हणत असतील आणि मुलीला फक्त तेवढंच ऐकू येत असेल. त्यांना करार वाचायला द्या. भीतीला कागद मिळाला की ती नेमक्या प्रश्नांत उतरते, आणि नेमके प्रश्न विचारणारा बाप मुलीला शत्रू वाटत नाही.

आणि कृपा करून अजून कुणाला सांगू नका. हसाल, पण मी गंभीरपणे म्हणतेय. पहिली फेरी पास झाल्याबरोबर चौकात 'कोरियात झेपावणारी नाशिकची कन्या' असा फ्लेक्स लागलेला आणि मग त्या फ्लेक्सखालून रोज कॉलेजला जावं लागलेली मुलगी माझ्याकडे येऊन गेलीय. तिला कोरियानं नाही, त्या फ्लेक्सनं जास्त छळलं.

कंपनीला उत्तर द्यायचंच असेल तर ईमेलवर द्या, फोनवर नको, आणि हे विचारा. करार लिखित स्वरूपात आधी पाठवणार का, आणि तो सरकारी नमुना करारावर आधारलेला आहे का? तीन महिन्यांचा खर्च कोण देणार, आणि तो पुढे मुलीच्या नावावर कर्ज म्हणून चढणार का? मधेच परत यायचं झालं तर काय भरावं लागेल? पासपोर्ट आणि फोन कुणाकडे राहणार? शाळेचं काय? वजनाबद्दल नियम काय, आणि ते कोण ठरवतं, डॉक्टर की मॅनेजर? समुपदेशक आहे का, आणि तो मुलीनं सांगितलेलं कंपनीला सांगतो का? हा शेवटचा प्रश्न विचारायचं बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. कंपनीनं नेमलेला समुपदेशक वाईटच असतो असं नाही, पण त्याचा पगार कोण देतं हे मुलांना चांगलं माहीत असतं, आणि त्यामुळे ती त्याच्यासमोर पण हसतच बसतात. चांगल्या कंपन्या या प्रश्नांची उत्तरं मुद्देसूद देतात. 'आधी या, मग बोलू' असं उत्तर आलं, किंवा नोंदणी म्हणून, प्रशिक्षण शुल्क म्हणून आधी पैसे मागितले, तर पुढचा पत्रव्यवहार करायची गरज नाही. करार आला आणि तो कोरियनमध्ये असेल तर मुलीकडून भाषांतर करून घेऊ नका. तिचं कोरियन कितीही चांगलं असलं तरी सही व्हायलाच हवी हे तिनं आधीच ठरवून ठेवलेलं आहे. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, आणि मग वडिलांना सगळा कागद सलग वाचून दाखवा, तिच्यासमोर.